थंडीत फळबागेची कामे : नुकसान पहाटेचे, तयारी आदल्या दिवसाची

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा आणि जानेवारी हा राज्यातील बहुतेक भागांत कडाक्याच्या थंडीचा काळ. नेमक्या याच वेळी खानदेशात मृगबागेतील केळी निसवण्याच्या अवस्थेत असते, नाशिक भागात द्राक्षाचे मणी फुगत असतात, विदर्भात संत्र्याची बाग अंबिया बहाराच्या ताणावर असते आणि कोकणात आंब्याला मोहर येत असतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाड परिसरात पारा दोन अंशांच्या आसपास उतरला, तेव्हा द्राक्षाच्या पानांवरचे दव गोठले होते. अशी रात्र दरवर्षी येत नाही. मात्र आठ-दहा अंशांच्या रात्री जवळपास दरवर्षी येतात आणि केळी, पपई व द्राक्षाचे नुकसान करायला त्या पुरेशा असतात.

पहाटे पाने काळवंडलेली दिसल्यावर धावपळ करून फारसा उपयोग होत नाही. बाग वाचवणारी बहुतेक कामे आदल्या दिवशी किंवा आठवडाभर आधी करायची असतात.

पहाटेच नुकसान का होते?

दिवसभर ऊन खाऊन जमीन तापते. सूर्य मावळल्यावर ही उष्णता हळूहळू आकाशाकडे निघून जाते. आकाश ढगाळ असेल तर ढग तिला अडवतात. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल तर जमीन आणि पाने वेगाने गार होतात. जमिनीलगत गार हवेचा थर साचतो आणि त्याच्या वर काही फुटांवर तुलनेने उबदार हवा राहते. सूर्योदयाच्या थोडे आधी ही थंडी सर्वांत जास्त असते.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा.

- हवामान केंद्राचे तापमान सावलीत, माणसाच्या छातीच्या उंचीवर मोजलेले असते. शांत, निरभ्र रात्री उघड्यावरचे पान त्याहून दोन-तीन अंशांनी गार असू शकते. अंदाज ९ अंशांचा असेल तर तुमच्या पानावर तो ६-७ अंशही असू शकतो.
- गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि सखल जागी साचते. त्यामुळे नाल्याकडच्या ओळी आधी करपतात, तर माळावरच्या वाचतात.

म्हणून किमान तापमान दाखवणारा साधा तापमापक बागेच्या सर्वांत सखल कोपऱ्यात, घडांच्या उंचीवर टांगा. रोज सकाळचा आकडा वहीत लिहा. आठ-दहा दिवसांत तुमची बाग आणि जाहीर झालेले तापमान यांतला फरक तुम्हाला कळेल आणि पुढचे निर्णय त्यावर घेता येतील.

थंडी वाऱ्याची की शांत, हे आधी ओळखा

उत्तरेकडून बोचरे वारे वाहत असतील तर उपाय वेगळा आणि वारा पडलेला असेल तर वेगळा.

वाऱ्याच्या थंडीत शेकोटीचा उपयोग नाही, कारण उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. तेथे वारारोधक कामाला येतो. केळीच्या बांधावर शेवरी किंवा गजराज गवत लावले नसेल तर उत्तर व पश्चिम बाजूला शेडनेट, जुन्या साड्या किंवा तुराट्यांचे ताटवे बांधा. मात्र बागेच्या उताराकडील बाजू जमिनीलगत बंद करू नका. गार हवा बाहेर जायला तेथे वाट हवी, नाहीतर बांधलेल्या ताटव्यामागेच ती साचते.

शांत थंडीत पाणी, झाकण आणि शेकोटी हे तीन उपाय चालतात.

पाणी : सर्वांत स्वस्त उपाय

ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती सावकाश सोडते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणीही पहाटेच्या हवेपेक्षा बरेच उबदार असते. म्हणून थंडीचा इशारा मिळाला की एक-दोन दिवस आधी वरचा फूटभर थर ओलावा धरेल एवढे पाणी द्या. त्यानंतर रोजच्या पाण्यातील काही भाग रात्री उशिरा किंवा पहाटे सोडा. एकूण पाणी वाढवायचे नाही, फक्त वेळ बदलायची आहे. पाणी तुंबले तर मुळांना हवा मिळत नाही आणि थंडीने आधीच मंदावलेले झाड आणखी मागे पडते.

तुषार संच वापरत असाल तर एक काळजी घ्या. पहाटे सुरू केलेला संच सूर्य चांगला वर येईपर्यंत बंद करू नका. मध्येच बंद केल्यास ओल्या पानांवरचे पाणी वाळताना पान आणखी गार होते.

रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला जाताना एकटे जाऊ नका. गमबूट घाला, बॅटरी सोबत ठेवा. ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर असेल तर ठिबकच्या पंपाला ऑटो स्टार्टर व टायमर बसवणे हा जास्त शहाणपणाचा मार्ग आहे. एका ओळीच्या केळीपेक्षा माणूस मोलाचा आहे.

शेकोटी : धुरापेक्षा उष्णता महत्त्वाची

बागेत धूर केला की थंडी जाते, असा समज आहे. प्रत्यक्षात धुराचे कण जमिनीतून निघणारी उष्णता फारशी अडवत नाहीत. फायदा होतो तो जळणाच्या उष्णतेचा आणि त्यामुळे हवा हलण्याचा. म्हणून ओला पालापाचोळा टाकून नुसता धूर करण्यापेक्षा कोरड्या जळणाच्या लहान-लहान शेकोट्या बागेत ठिकठिकाणी कराव्यात. एकच मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर निघून जाते आणि बाजूच्या ओळींना काही मिळत नाही.

जळण संध्याकाळीच रचून ठेवा आणि तापमापक बघून पहाटे तीन-चारच्या सुमारास पेटवा. ठिबकच्या नळ्या, केळीची वाळलेली पाने, शेजारचा ऊस यांपासून अंतर ठेवा. टायर किंवा प्लॅस्टिक जाळू नका. दाट वस्तीजवळ किंवा महामार्गालगत धुराने अपघात होऊ शकतो, तेथे शेकोटी टाळा आणि पाण्यावर भर द्या.

पीकनिहाय कामे

*केळी.* उबदार दिवसांत केळीला साधारण आठवड्या-दहा दिवसांत एक नवे पान येते. पारा १६ अंशांखाली राहू लागला की पाने येण्याचा वेग खूप मंदावतो. निसवणीच्या वेळी कडाका पडला तर घड पूर्ण बाहेर न पडता पोंग्यातच अडकतो. निसवलेल्या बागेत घडावर पांढऱ्या, सच्छिद्र पिशव्या चढवा. हिवाळ्यात साधारण २ टक्के छिद्रांची पिशवी पुरते. पिशवी नसेल तर झाडाचीच कोरडी पाने घडाभोवती बांधा. बागेतील निरोगी कोरडी पाने या काळात सरसकट कापू नका, करप्याची पाने मात्र काढून बागेबाहेर न्या. झाडाला २५० ग्रॅम निंबोळी पेंड द्या व बुंध्याशी मातीची भर लावा. कांदेबागेच्या लहान रोपांभोवती कोरड्या गवताचे आच्छादन करा. आच्छादनाने मुळांचे रक्षण होते, पानांचे नाही. त्यामुळे वारारोधक आणि पहाटेचे पाणी लागेलच.

*द्राक्ष.* थंडीत मण्यांची फुगवण मंदावते. मण्यांत पाणी उतरण्याच्या काळात दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडली की पांढऱ्या वाणांत पिंक बेरी दिसते. म्हणून पाणी उतरण्यापूर्वीच घड कागदाने झाका. झाकण्याआधी भुरी आणि पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त झालेला असावा, नाहीतर कीड कागदाआड वाढते. एकदम जास्त पाणी दिल्यास मणी तडकतात. रोज थोडे आणि सारखे पाणी ठेवा.

*डाळिंब.* फळे मोठी असलेल्या बागेत पाण्याच्या पाळीत अनियमितपणा आला तर फळे तडकतात. पाणी एका लयीत ठेवा, बुंध्याभोवती आच्छादन करा.

*संत्रा व मोसंबी.* येथे पाण्याचा सल्ला बदलतो. अंबिया बहारासाठी ताणावर सोडलेल्या बागेला थंडीच्या भीतीने पाणी देऊ नका, ताण तुटला तर बहार विखुरतो. मध्यम ते भारी जमिनीत साधारण दीड ते दोन महिने आणि हलक्या जमिनीत एक ते दीड महिना ताण पुरतो. हा काळ पूर्ण झाल्यावर आणि पाने पिवळी पडून गळू लागल्यावरच आधी हलके पाणी सोडा. ताणावरच्या बागेत वाळलेल्या फांद्या काढणे आणि आळे दुरुस्त करणे ही कामे उरकून घ्या. मृग बहाराची फळे अंगावर असलेल्या बागेला मात्र नियमित पाणी चालू ठेवा.

*आंबा.* मोहर येण्यासाठी थंडी हवीच असते. त्यामुळे मोठ्या झाडांना उब देण्याच्या खटपटीत पडू नका. लक्ष ठेवायचे ते मोहरावरील तुडतुडे आणि भुरीवर. भुरी दिसताच पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक २० ग्रॅम प्रति १० लिटर पाणी या प्रमाणात फवारा.

*पपई व नवीन लागवड.* एक-दोन वर्षांच्या कलमांवर गवत किंवा तुराट्यांची झोपडी करा. आग्नेय बाजू उघडी ठेवा, म्हणजे सकाळचे ऊन रोपाला मिळेल. प्लॅस्टिक वापरत असाल तर ते पानाला चिकटू देऊ नका आणि सकाळी काढा.

कडाक्याच्या दिवसाचे वेळापत्रक

- सकाळी : तापमापकाची नोंद, झाकणे काढणे, ठिबक व पिशव्यांची तपासणी.
- दुपारी : अंदाज पाहणे. जमीन कोरडी असेल तर पाणी. जळण गोळा करणे.
- सूर्यास्तापूर्वी : रोपे झाकणे, शेकोट्या रचणे.
- रात्री उशिरा ते पहाटे : पाणी. तापमान उतरत असेल तर शेकोटी.

थंडी लागल्यावर घाई नको

पाने करपलेली दिसली की छाटणीचा मोह होतो. थांबा. करपलेली पाने आणि शेंडे आतल्या भागाला पुढच्या थंडीपासून थोडे संरक्षण देतात. शिवाय छाटणीने कोवळी फूट येते आणि ती पुढच्या कडाक्यात सर्वांत आधी मरते. थंडी ओसरून नवी फूट दिसली की फांदी कोठपर्यंत जिवंत आहे ते कळते, मग छाटा. नत्राचे मोठे हप्तेही याच कारणाने या काळात टाळा.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावात सल्ला देताना सखल आणि माळावरच्या बागांना वेगळा सल्ला द्यावा, तसेच ताणावरची आणि फळांवरची बाग वेगळी धरावी. नुकसान झाल्यास पंचनाम्यासाठी तारीख असलेले फोटो व तापमानाच्या नोंदी उपयोगी पडतात. फळपीक विमा उतरवला असेल तर कमी तापमानाचे निकष आणि कळवण्याची मुदत तुमच्या पिकासाठी काय आहे, हे थंडी येण्यापूर्वीच सहायक कृषी अधिकाऱ्यांकडून समजून घ्या.

आज संध्याकाळी एवढे करा : बागेतला सर्वांत सखल कोपरा शोधा आणि तेथे तापमापक टांगा.