चौदा नावांचा सातबारा

उल्हासनगरच्या कॅम्प ५मध्ये जीन्स शिवणारे आमचे एक शेजारी संगमेश्वरकडचे. खोली दहा बाय बारा, पोटमाळ्यावर पत्र्याची ट्रंक, तिच्यात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा. नावं चौदा, वाट्याला येईल दीडेक गुंठा. गावचं घर गणपतीपुरतं उघडतं. तरी विकायचा विषय काढला की काका चहा टाकायला उठतात.

याला नुसता हळवेपणा म्हणू नका. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहनेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी काहींना कॉफीचे साधे मग वाटून दिले. मग हातात असलेल्यांनी मागितलेली किंमत, नसलेल्यांच्या बोलीच्या दुपटीहून जास्त निघाली. मगाची ही कथा, जमिनीचं काय सांगावं!

मला मात्र यात मानसशास्त्रापेक्षा कायदा वजनदार वाटतो. १९४८च्या कूळकायद्याच्या कलम ६३नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. असलेली सगळी विकली की पुन्हा घेताना शेतकरी असल्याचा पुरावा आणायचा कुठून? शिवाय वाटप झालेलं नाही. अख्खी जमीन विकायची तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. पैकी दोघं सुरतेला, एका आत्याशी अबोला.

गंमत अशी, की हे शहर वसवलं ते सारं मागे टाकावं लागलेल्यांनी. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांना ‘सोडता का?’ असं कुणी विचारलंच नाही. भरपाईचा कायदा आला तो १९५४मध्ये.

काकांनी परवा कौलं चाळायला गावी पैसे पाठवले.