नातवंडांनी वाढलेले पान

अमेरिकेतील जपानी कुटुंबांत पिढ्या मोजून सांगतात. जपानहून आले ते इस्सेई, त्यांची मुले निसेई आणि नातवंडे सान्सेई. अशा काही सान्सेई तरुण-तरुणींनी १९७१ साली सान फ्रान्सिस्कोच्या जपानी वस्तीत वृद्धांसाठी एक संस्था काढली. नाव ठेवले ‘किमोची’, म्हणजे मनातला भाव.

पंचाईत अशी की त्या पिढीतील अनेकांना जपानी धड बोलता येत नव्हते. याचे मूळ युद्धात आहे. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला. जपानी वंशाची सुमारे १,२०,००० माणसे काटेरी तारांच्या छावण्यांत डांबली गेली. त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते! भीतीपोटी कित्येक घरांनी जपानी पुस्तके व पत्रे जाळली. सुटून आल्यावर पुष्कळ आईबाप मुलांशी इंग्रजीच बोलू लागले. छावणीचा तर विषयच काढीनात. आजी मराठीत विचारते आणि नातू क्रिओलमध्ये उत्तर देतो, हे आपल्या घरांनाही नवे नाही. पण आपली भाषा अशी धाकाने गेली नाही.

पुढे नगरपुनर्रचनेच्या नावाखाली त्या वस्तीतील घरे पाडली गेली, शेजार मोडला, म्हातारी माणसे एकटी पडली. त्यांना दुपारचे गरम जेवण आणि बाहेर जाताना सोबत, ही साधी कामे या मुलांनी हाती घेतली. आम्हाला यातले मोल वाटते ते असे, की वारसा शिकण्यासाठी वर्ग भरवण्याआधी त्यांनी पाने मांडली. आजोबांना भात कसा लागतो, वडीलधाऱ्यांपुढे वाकायचे किती, हे वाढता वाढताच कळते. भाषणांनी ते साधत नाही, आणि भाषणे तर आपल्या मंडळांतही थोडी होत नाहीत!

१९८३ मध्ये संस्थेने वृद्धांसाठी निवासही उघडला. सरकारची माफी मात्र १९८८ च्या कायद्याने आली, हयात असलेल्या प्रत्येक बंदीस २०,००० डॉलर्ससह. तोवर बहुतेक इस्सेई निघून गेले होते.

त्या वेळी वाढणारी मुले आज स्वतःच सत्तरीच्या पुढे आहेत. चौथ्या पिढीला योन्सेई म्हणतात.