बोरन्हाण एकाच दिवसाचं का?

खोबरेल तेल बाटलीत थिजायला लागलं की मुंबईत थंडी आली म्हणायचं. मुलुंड काय नि बोरिवली काय, आपल्या उपनगरांतली ही थंडी डिसेंबरच्या मध्यापासून जेमतेम दोन महिन्यांची. घामाघूम न होता मुलांना खेळता येईल असे वर्षातले दिवस हेच. आणि नेमकी याच दिवसांत, ‘गार लागेल’ म्हणून, दोन-अडीच वर्षांची पोरं दाराआड मोबाईल देऊन बसवलेली! एका मजल्यावर चार घरं, चार घरांत चार मुलं, आणि त्यांची ओळख ती लिफ्टपुरती.

दोन वर्षांपर्यंत मुलाला मोबाईल-टीव्ही नकोच, पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाकाठी तासाभराहून जास्त नको, असं आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आपण मान डोलावतो. पण कुकर लावायचा असतो, सासूबाईंचे गुडघे धरलेले असतात. मोबाईल काढून घेतला तर त्या जागी ठेवायचं काय?

मैत्रिणींनो, उत्तर आपल्या घरातच आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण बोरन्हाण करतो. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे मुलाच्या डोक्यावरून ओतायचे आणि बाकीच्या चिमुरड्यांनी ते वेचायचे. सांडणं, वेचणं, वाटीत भरणं, पुन्हा उपडं करणं. या वयाला याहून मोठी करमणूक नाही. हल्ली मात्र पाच मिनिटांत सगळं उरकतं, भोवती मोबाईल रोखलेले आणि हलव्याच्या मुकुटाखाली मूल रडतंय. माझं म्हणणं, समारंभ एकदाच करा, पण ते वेचणं आठवड्यातून दोनदा तरी होऊ द्या.

मजल्यावरच्या चार-पाच घरांनी वार वाटून घ्यावेत. नोकरी करणाऱ्या मैत्रिणीला रविवार द्यावा. वेळ दुपारी चार ते पाचची बरी. थंडीत पहाटे धूर-धूळ जमिनीलगत साचून राहते. ऊन वर आलं की ती विरते. तेव्हा कोवळ्या उन्हाच्या हौसेने सकाळी सातला मुलांना खाली नेऊ नका. आणि ती माकडटोपी! पळणाऱ्या मुलाला सतरा अंशांत एक स्वेटर पुष्कळ झाला. पाठीला घाम आला की तोही काढावा.

परातीत चुरमुरे, प्रत्येकाला स्वतःची वाटी आणि चमचा. ‘स्वतःची’ हे महत्त्वाचं. दोन वर्षांचं मूल दुसऱ्याबरोबर खेळत नाही, दुसऱ्याच्या शेजारी बसून खेळतं. ‘बाळा, शेअर कर’ म्हणून काही होत नाही. दोन चमचे ठेवले की भांडण मिटतं. मेथीची जुडी आणली असेल तर पानं खुडायला द्या. भाजी थोडी वाया जाईल, पण अर्धा तास निवांत मिळेल. बदामाची झाडं आपल्याकडे बऱ्याच सोसायट्यांत असतात. त्यांची पानं याच दिवसांत लालभडक होऊन गळतात. ती गोळा करायची, लहान-मोठी लावायची, रस्त्यासारखी मांडून वरून चालायचं. जुन्या ओढणीची आगगाडी तर अंधेरी-घाटकोपरच्या पोरांना शिकवावी लागतच नाही!

हे खेळ बिनपैशाचे म्हणून कमी प्रतीचे समजू नका. बोरिवलीहून याच पश्चिम रेल्वेने पुढे गेलं की घोलवड स्टेशन लागतं. तिथून जवळच बोर्डी आहे. तिथे १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीचं काम सुरू केलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणायची? त्यांनी पानं, बिया, खडे, शंख-शिंपले घेतले. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. आपल्याला अंगण नाही, पण पॅसेज आहे. सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा, म्हणजे कुरकुर होणार नाही.

एका गोष्टीत मात्र मी कडक आहे. गेल्या संक्रांतीला आमच्याच मजल्यावर एका दोन वर्षांच्या मुलीला शेंगदाण्याचा ठसका लागला. पाठीत थोपटल्यावर दाणा बाहेर पडला, पण तोवर आम्हा सगळ्यांचे हातपाय गार! पाच वर्षांखालच्या मुलांपुढे अख्खे शेंगदाणे, हरभरे, बियांसकट बोरं, गोळ्या ठेवू नका. हलव्याचे दागिने फोटो झाला की उतरवा, दोरा तुटायला वेळ लागत नाही. मुलांच्या तोंडात काही अडकलंय असं वाटलं तर न दिसता बोट घालून चाचपू नका; वस्तू आणखी आत जाते. आणि खेळताना एकदम ठसका लागून पुढे खोकला किंवा छातीत घरघर राहिली, तर ‘थंडीचा खोकला असेल’ म्हणून घरी काढा देत बसू नका. दाणा श्वासनलिकेत राहिलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि मूल तेव्हा काय खात होतं ते आठवणीने सांगा.