वेटोळ्या गळ्याचा पक्षी

मुलांनो, मोर, तितर आणि कोंबडा हे एकाच कुळातले पक्षी आहेत. याच कुळातल्या एका फेझंट पक्ष्याचे जीवाश्म चीनच्या गान्सू प्रांतात, हेझेंग येथे सापडले. ते ७० लाख वर्षांहून जुने आहेत.

हाडे दगडात टिकतात, पण आवाज कसा टिकणार? या पक्ष्याची श्वासनलिकाच टिकली! ती शरीराहून लांब असून तिला वेटोळे पडले होते. अशा लांब नळीतून खोल, भारदस्त आवाज निघतो. म्हणून तो इतर फेझंटांपेक्षा जाड आवाजात ओरडत असावा.

२०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला 'पानराओगॅलस हेझेंगेन्सिस' हे नाव दिले. उच्चारताना जीभ अडखळते ना? पण शब्द सुटे करून पाहा. 'पानराओ' म्हणजे चिनी भाषेत वेटोळे. 'गॅलस' म्हणजे लॅटिन भाषेत कोंबडा. 'हेझेंगेन्सिस' म्हणजे हेझेंगचा. तुमच्या अंगणातल्या कोंबड्याच्या शास्त्रीय नावातही 'गॅलस' आहेच.