‘इंग्रजी येत नाही’ म्हणजे नेमकं काय येत नाही?

“सर, समजते सगळं, पण लिहिता नाही येत जी.”

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला भेट देऊन आलेला तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी माझ्यासमोर उभा होता. मी त्याला म्हटलं, इंग्रजी राहू दे, काय पाहिलंस ते सांग. तो सांगू लागला. बॉयलरमधून निघालेला धूर सरळ चिमणीत जात नाही. आधी तो उभ्या पत्र्यांच्या रांगांमधून जातो. विजेच्या भारामुळे राखेचे कण त्या पत्र्यांना चिकटतात. ठरावीक वेळानं पत्र्यांवर हातोडे पडतात, राख झडते आणि खालच्या हॉपरमध्ये जमा होते. “हातोड्यांचा आवाज बाहेरपर्यंत येते सर,” असंही तो म्हणाला.

इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटरचं इतकं नेमकं वर्णन मी फार थोड्या अहवालांत वाचलं आहे. त्याच्याही अहवालात ते नव्हतं. ‘मानवी जीवनात विजेचे महत्त्व’ या अर्थाच्या इंग्रजी परिच्छेदानं त्याचा अहवाल सुरू होत होता. तो इंटरनेटवरून जसाच्या तसा उतरवलेला होता. हातोडे, आवाज, हॉपर यांचा त्यात पत्ताच नव्हता.

मुलाला विषय येत होता आणि सांगताही येत होतं. अडला होता तो इंग्रजीबद्दलच्या समजुतींपाशी. इथे चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1996 साली सुरू झालं, 2011 साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आलं. दोन्ही जिल्ह्यांतली मुलं आता घराजवळ शिकतात, पण या समजुती मात्र शाळेपासून त्यांच्यासोबतच येतात.

“आमच्याकडच्या पोरांना भाषा जमत नाही”

हा गैरसमज मला सर्वांत जास्त लागतो, कारण वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. भामरागड, एटापल्लीकडचा मुलगा घरी माडिया बोलतो आणि मराठी शाळेत गेल्यावर शिकतो. सिरोंच्याच्या मुलीच्या घरात तेलुगू असते, नदीपलीकडे सगळा तेलुगू मुलूख. कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींमध्ये बंगाली. बाकी पट्ट्यात झाडीबोली, जी पुस्तकी मराठीपासून बरीच लांब आहे. हिंदी तर बाजारात आणि कोळसा खाणींवर कानावर पडतेच. म्हणजे अभियांत्रिकीला येईपर्यंत यातल्या कित्येकांनी दोन-तीन भाषा कमावलेल्या असतात. त्याही खाजगी शिकवणीशिवाय.

इंग्रजीचं वेगळं काय होतं? ती कानावर पडत नाही आणि तिची कुठे गरज लागत नाही. ती फक्त परीक्षेच्या पेपरात भेटते. कमतरता सरावाची आहे, आणि सराव देता येतो.

“फाडफाड बोलता आलं की झालं”

गावोगावच्या स्पोकन इंग्लिशच्या पाट्यांनी ही समजूत घट्ट केली आहे. तांत्रिक संवाद हे वेगळं काम आहे. त्यात वाचणं आणि लिहिणं आधी येतं, बोलणं नंतर.

जपानचे भौतिकशास्त्रज्ञ तोशिहिदे मास्कावा यांना 2008 साली नोबेल मिळालं. इंग्रजी बोलण्याची त्यांना आयुष्यभर अडचण होती. स्टॉकहोममधलं नोबेल व्याख्यान त्यांनी जपानीतच दिलं. पण ज्या कामासाठी नोबेल मिळालं, तो माकोतो कोबायाशी यांच्यासोबतचा 1973 सालचा शोधनिबंध इंग्रजीत होता. या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांना एकत्र सांगायला हव्यात. पहिली सांगितली की भीती जाते. दुसरी लपवली तर फसवणूक होते.

“मोठे शब्द, लांब वाक्यं म्हणजे दर्जा”

कॅटरपिलर कंपनीची अवजड यंत्रं जगभरच्या खाणींत चालतात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला या कंपनीनं आपल्या दुरुस्ती-पुस्तिकांसाठी जेमतेम साडेआठशे-नऊशे शब्दांचं इंग्रजी ठरवून घेतलं होतं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, अशा मेकॅनिकला ते वाचता यावं, हा हेतू. पुढे विमान उद्योगानं 1980 च्या दशकात असंच ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ तयार केलं. त्यात सर्वसाधारण शब्द सुमारे नऊशे, बाकी त्या त्या यंत्राची नावं. कृती सांगणारं वाक्य 20 शब्दांच्या आत हवं. एका वाक्यात सहसा एकच सूचना. एका शब्दाला एकच अर्थ: ‘क्लोज’ म्हणजे फक्त बंद करणे, ‘जवळ’ या अर्थानं तो वापरायचा नाही.

विमानाची देखभाल इतक्या साध्या इंग्रजीत लिहिली जाते. आपला विद्यार्थी मात्र ‘यूज’ खोडून ‘युटिलायझेशन’ लिहितो, कारण त्याला वाटतं की मार्क तिथे आहेत. (आणि आम्ही शिक्षक कधीकधी तिथे मार्क देतोही, हे कबूल करायला हवं.)

“आधी व्याकरण पक्कं, मग लेखन”

व्याकरण लागतं, पण सगळ्या चुका सारख्या नसतात. ‘ए’ आणि ‘द’ यांचा घोळ मराठी माणसाकडून होणारच, कारण मराठीत तो प्रकारच नाही. तो घोळ राहिला तरी बहुतेक वेळा वाचणाऱ्याला अर्थ कळतो. काही चुका मात्र लहान दिसतात आणि काम बिघडवतात. शिकवण्याचा वेळ त्यांच्यावर खर्च व्हायला हवा.

एक उदाहरण जवळून पाहू. ‘दाब 5 बारने कमी केला’ आणि ‘दाब 5 बारपर्यंत कमी केला’. मराठीत ‘ने’ आणि ‘पर्यंत’ मध्ये कुणाचीच गफलत होत नाही. इंग्रजीत हाच फरक ‘बाय’ आणि ‘टू’ या दोन चिमुकल्या शब्दांवर असतो. आणि प्रयोगवहीत मुलं नेमके तेच गाळतात किंवा अदलाबदल करतात. मूळ दाब 20 बार असेल, तर एका वाक्यानुसार आता 15 आहे आणि दुसऱ्यानुसार 5. पुढच्या पाळीच्या माणसाला लॉगबुकातून नेमकं हेच कळायला हवं. मी वर्गात आधी मराठी वाक्यं फळ्यावर लिहितो, ‘ने’ आणि ‘पर्यंत’ खाली रेघ ओढतो आणि मग इंग्रजीकडे जातो. पाच मिनिटं लागतात.

दुसरं उदाहरण ‘शॅल’चं. शाळेत आपण शिकलो की ‘आय’ आणि ‘वी’ सोबत भविष्यकाळात ‘शॅल’ येतं. मग स्थापत्यचा विद्यार्थी काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस 456:2000, उघडतो आणि पानापानावर ‘शॅल’ पाहतो. सळईवरच्या काँक्रीटचं कव्हर अमुक मिलिमीटरपेक्षा कमी ‘शॅल नॉट बी’. तो वाचतो, ‘कमी नसेल’. मानकाच्या भाषेत त्याचा अर्थ ‘कमी असताच कामा नये’ असा बंधनकारक आहे. ‘शुड’ म्हणजे शिफारस. ‘मे’ म्हणजे मुभा. आपल्या कार्यालयीन मराठीतलं ‘करावे’ यातल्या पहिल्या दोन्ही अर्थांनी फिरतं, त्यामुळे भाषांतर करतानाही हा फरक पुसला जातो. वर्षभराच्या कम्युनिकेशन स्किल्सच्या अभ्यासात ‘शॅल, शुड, मे’ यांना एक पूर्ण तास मिळाला, तरी साइटवर त्याचा उपयोग होईल.

एककांचंही तसंच. 1999 साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोहोचून नष्ट झालं. एका चमूचे आकडे पाउंडच्या मापात होते, दुसऱ्यानं ते न्यूटनच्या मापातले धरले. दोन्ही चमू अमेरिकेतलेच. इंग्रजीची अडचण कुणालाच नव्हती.

“इंग्रजी शिकायचं तर मराठी विसरा”

काही वर्गांत मराठी बोलल्यास दंड घेतात. त्यानं मुलं इंग्रजी बोलू लागत नाहीत, गप्प होतात.

चंद्रपूरचा माणूस मे महिन्यात म्हणतो, “आज उष्णता लय आहे.” त्याला तापमान म्हणायचं असतं. घरात ते चालतं. थर्मोडायनॅमिक्समध्ये उष्णता ज्यूलमध्ये मोजतात आणि तापमान अंशांत. पाणी उकळत असताना उष्णता देत राहिलो तरी तापमान वाढत नाही. हा फरक मराठीत स्पष्ट झालेला नसेल, तर इंग्रजीतले ‘हीट’ आणि ‘टेम्परेचर’ पाठ करूनही तो होत नाही. ‘ताण’ या एका रोजच्या शब्दात ‘स्ट्रेस’, ‘स्ट्रेन’ आणि ‘टेन्शन’ तिन्ही कोंबलेले असतात. ते आधी आपल्या भाषेत सोडवून घ्यावे लागतात. भाषांतराचं ॲप हे करून देत नाही. ‘उष्णता वाढली’ लिहिलं तर ते सरळ ‘हीट’ देणार. ती चूक ओळखायला दोन्ही भाषांतलं कळावं लागतं.

2021 पासून एआयसीटीईनं भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू झाली. याचा अर्थ इंग्रजी सुटली असा काढू नये. यंत्रासोबत येणारी पुस्तिका, मानकं, डेटाशीट, शोधनिबंध यांचा मोठा भाग इंग्रजीतच आहे. मराठीत समजून घ्यावं आणि इंग्रजीत नोंदवावं, हा रस्ता मला योग्य वाटतो.

“सगळं पॅसिव्हमध्येच लिहायचं असतं”

नाही. डीएनएची रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 सालचा, सुमारे एका पानाचा निबंध ‘आम्ही’ या शब्दानंच सुरू होतो. पॅसिव्ह ही आपल्या सरकारी ‘करण्यात आले’ची इंग्रजी बहीण आहे. कृती कुणी केली हे महत्त्वाचं नसेल तिथे ती बरी, एवढंच.

“हे सगळं पुण्या-मुंबईच्या नोकरीसाठी”

इथेच पाहा. चंद्रपूरचं वीज केंद्र 2920 मेगावॅटचं. आजूबाजूला वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणी, घुग्घुस आणि गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने, एटापल्ली तालुक्यात सूरजागडची लोहखाण. परमिट, लॉगबुक, तपासणी अहवाल हे इथलं रोजचं लेखन आहे.

आणि हे लेखन एकाच दिशेनं चालत नाही. 1952 च्या खाण कायद्यानुसार कायद्याचा आणि नियमांचा गोषवारा खाणीपाशी इंग्रजीसोबत ठरवून दिलेल्या भाषेतही लावावा लागत असे. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी पर्यावरण अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. लोकांनी मांडलेले मुद्देही दोन्ही भाषांत नोंदले जातात. मंडपात बसलेल्या बाईला धूळ किती उडणार, नाल्याचं पाणी कुठे वळणार, हे कळायला हवं असतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मूळ इंग्रजी अहवालाच्या कुठल्यातरी तक्त्यात असतं. तो तक्ता वाचून तिला सांगणारा आणि तिचं म्हणणं नेमकं लिहून घेणारा माणूस तिथे लागतो.

त्या विद्यार्थ्याला मी अहवाल पुन्हा लिहायला लावला, हातोड्यांपासून. त्याचं पहिलं इंग्रजी वाक्य सहा शब्दांचं होतं: हातोडे पत्र्यांवर आपटतात. दुसरं: राख हॉपरमध्ये पडते. दोन ठिकाणी ‘द’ सुटला होता, तो मी पेन्सिलीनं घातला. मग त्यानं विचारलं, राखेच्या बारीक कणांना पुस्तकात ‘पार्टिक्युलेट मॅटर’ म्हणतात, घरी माडिया बोलणाऱ्या आईला काय सांगू? मराठी शब्द मी सांगितला. माडिया शब्द मला ठाऊक नव्हता, तो त्यालाच शोधायचा होता.