इंग्रजी क्रियापदे आणि त्यांच्या सोबतीची अव्यये

इंग्रजी भाषेच्या नित्य व्यवहारात वारंवार येणारी क्रियापदे संख्येने फारशी नाहीत. गो, कम, गेट, पुट, टेक, गिव्ह, लुक, टर्न ही क्रियापदे मराठी शाळेतील विद्यार्थ्यास प्राथमिक इयत्तांतच परिचित होतात. तथापि त्यांच्यापुढे इन, आउट, अप, डाउन, ऑन, ऑफ यांपैकी एखादे लहानसे अव्यय येऊन बसले, की अर्थ पालटतो. ‘पुट’ म्हणजे ठेवणे एवढेच ज्यास ठाऊक आहे, तो ‘पुट आउट द फायर’ या वाक्याचा अर्थ ‘विस्तव बाहेर ठेव’ असा करील. वास्तविक ती सूचना आग विझविण्याची आहे.

हा केवळ परीक्षेतील गुणांचा प्रश्न नव्हे. कळमेश्वर येथे औद्योगिक वसाहत आहे, आणि यंत्रांवर किंवा विजेच्या पेटीवर ‘टर्न ऑफ’, ‘शट डाउन’, ‘कीप अवे’ अशा सूचना इंग्रजीत लिहिलेल्या असणे ही सामान्य गोष्ट आहे. आज वर्गात बसलेला मुलगा वा मुलगी उद्या अशा यंत्रापुढे उभी राहील, तेव्हा एका लहान अव्ययाचा अर्थ न कळणे महागात पडू शकेल. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जाऊ लागले. ज्या घरी इंग्रजी कानी पडत नाही, त्या घरच्या मुलांस या बाबतीत शाळेवाचून दुसरा आधार नाही.

अडचणीचे मूळ दोन्ही भाषांच्या घडणीत आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतात. इंग्रजीत ते नामाच्या अगोदर येते. शिवाय दोहोंची जोडी एकास एक अशी जुळत नाही. ‘तो कळमेश्वरला राहतो’ आणि ‘तो कळमेश्वरला जातो’ या दोन्ही वाक्यांत ‘ला’ हा एकच प्रत्यय आहे; इंग्रजीत मात्र पहिल्या ठिकाणी ‘इन’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘टू’ येते. ‘त्याला विचार’ याचे भाषांतर करताना मूल ‘आस्क टू हिम’ म्हणते, कारण ‘ला’साठी काहीतरी हवे असे त्यास वाटते. ‘विषयी चर्चा करणे’ यावरून ‘डिस्कस अबाउट’ होते, तर ‘गाणे ऐक’ यात प्रत्यय न दिसल्यामुळे ‘लिसन’पुढील आवश्यक ‘टू’ गळून पडते. म्हणून क्रियापद शिकवितानाच त्याच्या सोबतीचे अव्यय शिकवावे. जेथे अव्यय नको, तेथे तेही स्पष्ट सांगावे.

अर्थाच्या दृष्टीने या जोड्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गात दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ कायम राहतो: सिट डाउन, गो आउट, कम इन. दुसऱ्या वर्गात अव्यय क्रियेस पूर्णता आणते. ‘ईट’ म्हणजे खाणे. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे. ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपविणे. मराठीत हे काम टाकणे, देणे, जाणे अशी साहाय्यक क्रियापदे करतात. तिसऱ्या वर्गात दोन्ही शब्द मिळून निराळाच अर्थ निर्माण होतो: गिव्ह अप म्हणजे सोडून देणे, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे, पुट ऑफ म्हणजे लांबणीवर टाकणे, ब्रिंग अप म्हणजे लहानाचे मोठे करणे.

हा तिसरा प्रकार आपणांस सर्वस्वी परका नाही. संस्कृतातील ‘हृ’ या एकाच धातूपासून उपसर्गभेदाने आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे भिन्नार्थी शब्द झाले आहेत. तेथे उपसर्ग अगोदर जोडला जातो, इंग्रजीत अव्यय मागून आणि सुटे येते, इतकाच भेद. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत, परकीयांस अशा जोड्या सर्वांत अवघड जातात असे नमूद केले आहे. ‘फ्रेजल व्हर्ब’ ही संज्ञा मात्र अलीकडची. ती लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या ग्रंथामुळे रूढ झाली.

यांतील कित्येक अव्यये मराठी बोलण्यात अगोदरच येऊन राहिली आहेत. नागपूरहून रोज ये-जा करणारा ‘अपडाउन’ करतो, माल ‘पिकअप’मधून जातो, दवाखान्यात ‘चेकअप’ होते, कबड्डीत गडी ‘आउट’ होतो. शिक्षकांनी या परिचित शब्दांपासून आरंभ करावा. मात्र एक सावधगिरी हवी. मराठीत आपण ‘फॅन ऑफ कर’ म्हणतो. त्यावरून मूल ‘ऑफ द फॅन’ असे वाक्य रचते. मराठीत ‘करणे’ हे क्रियापद ज्या जागी आले, त्या जागी इंग्रजीत ‘टर्न’ किंवा ‘स्विच’ लागते, हे त्यास दाखवून द्यावे.

शब्दक्रमाचाही एक नियम ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत; परंतु नामाच्या जागी सर्वनाम आले, तर ‘टर्न इट ऑफ’ असेच म्हणावे लागते. उलट ‘लुक आफ्टर’ ही जोडी कधीच तुटत नाही. तेथे ‘लुक आफ्टर हर’ हाच क्रम. उच्चारातही फरक आहे. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना ‘ऑफ’वर जोर पडतो, ‘लुक अ‍ॅट द बोर्ड’ म्हणताना ‘अ‍ॅट’ हलकेच उच्चारले जाते.

शिकविण्याची पद्धती साधी असावी. ‘लुक’पासून होणाऱ्या दहा जोड्या एकाच दिवशी फळ्यावर लिहून पाठ करून घेतल्यास मुलांच्या मनात त्यांची सरमिसळ होते. त्यापेक्षा एका दिवशी एकच जोडी घ्यावी आणि ती कृतीसह शिकवावी. विद्यार्थ्यास नळ सोडावयास व बंद करावयास सांगावे, टोपी घालावयास व काढावयास सांगावे, आणि प्रत्येक कृतीबरोबर ‘टर्न ऑन’, ‘टर्न ऑफ’, ‘पुट ऑन’, ‘टेक ऑफ’ वर्गाकडून म्हणवून घ्यावे. फळ्यावर लिहिताना क्रियापद व अव्यय यांच्याखाली एकच रेघ ओढावी, म्हणजे तो एकच शब्द आहे हे डोळ्यांस दिसेल. दुसऱ्या दिवशी धड्यास आरंभ करण्यापूर्वी कालच्या जोडीचे एक नवे वाक्य मुलांकडूनच काढून घ्यावे.

शाळेच्या कामाचे दिवस मोजून या रीतीने आठवड्यास तीन जोड्या घेतल्या, तरी वर्षअखेर विद्यार्थ्याजवळ शंभराच्या आसपास जोड्या जमतील. त्यांपैकी निम्म्या जरी पक्क्या झाल्या, तरी सूचनेची पाटी वाचताना तो अडखळणार नाही.