रॉक मशीन ते इंडस क्रीड

मराठी घरात ‘रॉक’ हा शब्द आजही थोडा दुरूनच उच्चारला जातो. लांब केस, कर्कश गिटार आणि न समजणारे इंग्रजी, एवढ्यावर बहुतेकांची ओळख संपते. भारतातील रॉक संगीताचा इतिहास मात्र मुंबईला वगळून लिहिता येत नाही, आणि मुंबईचा इतिहास १९८४ साली स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ या वाद्यवृंदाला वगळून. गिटारवादक महेश तिनईकर आणि बेस गिटार वाजवणारा मार्क सेल्विन हे त्याच्या पहिल्या फळीतले. सुरुवातीच्या काही बदलांनंतर गायक उदय बेनेगल, की-बोर्डवर झुबिन बालापोरिया, दुसरा गिटारवादक जयेश गांधी आणि ड्रमवादक मार्क मेनेझिस असा संच स्थिरावला.

त्या काळात अशा वाद्यवृंदाकडून श्रोत्यांची अपेक्षा एकच असे : परदेशी गाणी हुबेहूब वाजवा. डीप पर्पल किंवा लेड झेपेलिनचे गाणे मूळ ध्वनिमुद्रिकेच्या जितके जवळ जाईल, तितकी टाळी मोठी. यात श्रोत्यांचा सगळाच दोष नव्हता. हे कलावंत प्रत्यक्ष ऐकण्याची संधी भारतात जवळजवळ नव्हतीच. कोणीतरी परदेशातून आणलेली ध्वनिमुद्रिका आणि तिच्यावरून हातोहात उतरवलेल्या कॅसेट, एवढीच शिदोरी. चांगली गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर आयात करायचा तर जबर सीमाशुल्क भरावे लागे. वाद्य मिळवण्यातच निम्मी शक्ती खर्ची पडत असताना, स्वतःची गाणी रचण्याचे धाडस करणारे विरळाच.

रॉक मशीनने नेमके तेच केले. धोबीतलावच्या खुल्या रंगभवनात १९८६ पासून फरहाद वाडिया यांच्या पुढाकाराने ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला होता. देशभरातील महाविद्यालयीन महोत्सवांतून रॉकचा एक कडवा श्रोतावर्गही तयार होत होता. या श्रोत्यांपुढे त्यांच्या आवडीची परदेशी गाणी बाजूला ठेवून आपली गाणी म्हणायची, यातला धोका आज सहज लक्षात येत नाही. नाराजी व्यक्त करण्याच्या बाबतीत रॉकचा श्रोता संगीत नाटकाच्या श्रोत्यापेक्षा मुळीच सभ्य नसतो! तरीही १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ अशा स्वतःच्या गाण्यांच्या दोन ध्वनिफिती आल्या. ‘टॉप ऑफ द रॉक’सारखे गाणे श्रोतेच मागू लागले, तेव्हा बाजी पलटली.

१९९१ नंतरचे वारे या मंडळींना अनुकूल वाटावेत असेच होते. अर्थव्यवस्था खुली झाली, उपग्रह वाहिन्या आल्या आणि स्टारच्या छत्राखाली एमटीव्ही भारतात दिसू लागला. केबलची तार पुढे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. मध्य रेल्वेवरच्या नांदगावसारख्या ठिकाणी रॉकची मैफल होणे शक्यच नव्हते. पण ज्या घरात केबल होती, तिथे मुंबईच्या वाद्यवृंदाचा व्हिडिओ निदान दिसू शकत होता. महानगरी संगीताला रंगभवनाच्या भिंतींबाहेर नेणारे हे पहिलेच साधन.

याच टप्प्यावर, १९९३ मध्ये, वाद्यवृंदाने आपले नाव बदलले. जमलेले नाव सोडणे हा व्यवहाराच्या दृष्टीने आतबट्ट्याचाच सौदा. पण ‘रॉक मशीन’ हे नाव कोणत्याही देशातल्या कोणत्याही संचाला चालले असते. इंडस म्हणजे सिंधू आणि क्रीड म्हणजे श्रद्धा. ‘इंडस क्रीड’ या नावाला पत्ता होता. संगीतही बदलत होते. धडाकेबाज हार्ड रॉककडून सुरावटींचा सूक्ष्म विचार करणाऱ्या, भारतीय वाद्यांच्या रंगांना जागा देणाऱ्या रचनांकडे हा प्रवास होता. १९९५ मध्ये ‘इंडस क्रीड’ याच नावाची ध्वनिफीत आली. ‘प्रीटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्ही आशियाचा प्रेक्षकपसंती पुरस्कार मिळाला.

आणि इथेच घोडे अडले. १९९५ हेच अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’चे वर्ष. ध्वनिफीत कंपन्यांना हिंदी पॉपची बाजारपेठ सापडली आणि वाहिन्यांनीही आपला मोहरा हिंदीकडे वळवला. एमटीव्ही १९९४ मध्ये स्टारपासून वेगळा झाला व १९९६ मध्ये परतला, तो हिंदी चित्रपटगीतांना जवळ करतच. ज्या दारातून इंग्रजी रॉक घराघरांत शिरले, त्याच दारातून ते बाहेर ढकलले गेले. भारतात राहून इंग्रजीत गाणाऱ्यांना ना इथला मोठा श्रोता, ना परदेशातील कंपनीचे पाठबळ. पुरस्कार होता, नाव होते. पोट भरेल एवढे काम नव्हते. दशकाच्या उत्तरार्धात संच विखुरला. उदय बेनेगल आणि जयेश गांधी यांनी न्यूयॉर्क गाठले व ‘आल्म्स फॉर शांती’ या नावाने नवा प्रयोग आरंभला.

पुढच्या काही वर्षांत शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातील मैफलीही थांबल्या. तरी मुंबईतील रॉक आटला नाही. विशाल ददलानी गायक असलेल्या ‘पेंटाग्राम’ने गिटारला इलेक्ट्रॉनिक ध्वनींची जोड दिली आणि २००५ मध्ये ब्रिटनमधील ग्लॅस्टनबरी महोत्सवापर्यंत मजल मारली. ददलानी यांचा चरितार्थ मात्र विशाल-शेखर या जोडीच्या हिंदी चित्रपटसंगीतावर चालला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

इंडस क्रीड २०१० मध्ये पुन्हा एकत्र आले. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया यांच्या जोडीला बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे तरुण वादक होते. काळही पालटला होता. लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ पासून ‘ब्लू फ्रॉग’ हे जिवंत संगीताचे ठिकाण उभे होते (ते २०१६ मध्ये बंद झाले), आणि २०१० मध्येच पुण्यात ‘एनएच७ वीकेंडर’ हा महोत्सव सुरू झाला. तिथे जमणारा श्रोता वाद्यवृंदांची स्वतःचीच गाणी ऐकायला येत होता.

२०१२ मधील ‘इव्हॉल्व्ह’ ही या संचाची सतरा वर्षांनंतरची नवी गाणी. ‘फायरफ्लाइज’, ‘द मनी’ यांसारख्या रचनांत जुन्या लोकप्रियतेची उजळणी नाही. लय मधेच वळते, गाणे सावकाश उलगडते आणि गिटार गायकीला वाट करून देते. ‘टॉप ऑफ द रॉक’च्या आठवणीने आलेल्या जुन्या चाहत्याला हे पहिल्या ऐकण्यात रुचेलच, असे नाही. रंगभवनात परदेशी गाणी मागणाऱ्या श्रोत्यांपुढे याच मंडळींनी स्वतःची गाणी म्हटली होती. आता त्यांच्या समोर त्यांचीच जुनी गाणी मागणारा श्रोता होता.